बाटली फोडणाऱ्या महाशयांस

दमणगंगेच्या काठच्या कातळावर बाटली फोडून निघून गेलेल्या गृहस्थांस,

पत्राच्या सुरुवातीला 'सप्रेम नमस्कार' लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. ती मी आज पाळत नाही. तुमच्याबद्दल माझ्या मनात प्रेम नाही आणि नमस्कार करावा असं तुम्ही काही केलेलं नाही. तेव्हा थेट मुद्द्यावर येते.

तुमचं नाव मला ठाऊक नाही, चेहराही मी पाहिलेला नाही. पण तुम्ही मागे जे टाकून गेलात त्यावरून तुमची पुरेशी ओळख पटली आहे. तुम्ही चार-पाच जण होतात, कारण तेवढे प्लास्टिकचे ग्लास करंजाच्या बुंध्याशी पडले होते. गाडी तुम्ही थेट वाळूपर्यंत आणलीत. चाकांचे चर ओल्या मातीत स्पष्ट उमटले होते, म्हणजे रस्त्यापासून नदीपर्यंत चार पावलं चालायचीही तुमची तयारी नव्हती. मसाला शेंगदाण्यांची पाकिटं, उकडलेल्या अंड्यांची टरफलं, पिळलेल्या लिंबाच्या फोडी, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, तीन दगडांत अर्धवट जळलेलं लाकूड. आणि पाण्याच्या कडेला असलेल्या मोठ्या काळ्या कातळावर, अगदी मधोमध, टवका उडाल्याची पांढरट खूण. तिच्याभोवती चहूकडे काचा. बाटली हातातून निसटली असती तर काचा एका जागी पडल्या असत्या. या पार पाण्यात जाऊन पडल्या होत्या. तुम्ही ती नेम धरून मारलीत. एक मारून समाधान झालं नाही म्हणून दुसरीही मारलीत, कारण काचांचे रंग दोन होते.

तुमच्या पिण्यावर हे पत्र नाही, हे आधीच सांगते, म्हणजे तुम्हाला त्या आडोशाला जाऊन बसता येणार नाही. गुजरात राज्य १९६० साली झालं तेव्हापासून तिथे दारूबंदी आहे आणि आमच्या दादरा-नगर हवेलीत नाही. शनिवार-रविवारी वापीच्या रस्त्याने गाड्या कशासाठी येतात हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. महाराष्ट्रातूनही लोक येतात, आणि नदीकाठी बैठक जमवणाऱ्यांत आमच्याच गावचे लोकही असतात. तुम्ही यांपैकी कोण, याच्याशी मला कर्तव्य नाही. नंबरप्लेट बघून काच कमी-जास्त कापत नाही. पैसे मोजून, परवानाधारक दुकानातून घेतलीत, प्यायलात, तुमचं तुमच्यापाशी. माझा राग त्यानंतरच्या एका क्षणावर आहे. बाटली रिकामी झाली, गाडी दहा पावलांवर उभी होती, आणि ती गाडीत ठेवायचं सोडून तुम्ही हात मागे नेलात.

दगडावर बाटली फोडायला ताकद लागत नाही. हिंमत तर मुळीच लागत नाही, कारण दगड उलटून मारत नाही. खळ्ळकन आवाज झाला असेल, मित्र हसले असतील, आणि तुम्ही पुढचा ग्लास भरला असेल. दोन क्षणांची करमणूक. तिचा खर्च कुणी भरला तो हिशोब आता ऐका.

आम्ही मूळचे नंदुरबारकडचे. मुलांचे बाबा मसाटच्या औद्योगिक वसाहतीत पाळीच्या नोकरीला आहेत, घर आमलीत, दोन खोल्यांचं. दोन मुलगे. थोरला नऊ वर्षांचा, धाकटा सहाचा. दोन खोल्यांत दोन मुलगे संध्याकाळी काय धुमाकूळ घालतात, ते ज्यांच्या घरी आहेत त्यांना सांगायला नको. त्यातून बाबांची रात्रपाळी असली की दिवसा घरात आवाज करायचा नाही. मग मुलांनी जायचं कुठे?

सिल्वासाच्या आसपास मुलांना न्यायला जागा पुष्कळ आहेत. दादऱ्याला वनगंगा उद्यान आहे, पिपरियाला हिरवावन आहे. खानवेलच्या वाटेवर सातमालियात हरणं आहेत, वासोण्याला सिंह आहेत, दुधनीला मधुबन धरणाच्या पाण्यात होड्या चालतात. पाहुणे आले की आम्ही हौसेने जातो. पण ठरवून, गाडी काढून, डबे बांधून जायच्या जागा वेगळ्या आणि रोजच्या पायाखालच्या जागा वेगळ्या. शाळेचं दप्तर टाकल्यावर आणि दिवेलागणीच्या आधी जो तास-दीड तास मिळतो, तो आमच्या घरात नदीचा असतो. ना तिकीट, ना वेळेचं बंधन. दुपारी दोन पोळ्या जास्त लाटून गुळाबरोबर बांधून घेतल्या की झाली तयारी.

पावसाळ्यात आम्ही काठाकडे फिरकत नाही. इथे पाऊस धो धो पडतो, वर मधुबनचे दरवाजे उघडले की पाणी बघता बघता चढतं, आणि त्या पाण्याशी मस्ती करायची नसते हे मुलांना पाळण्यात असल्यापासून सांगितलेलं आहे. पण दिवाळी सरली की गढूळपणा जातो, पाणी उतरतं आणि कातळ उघडे पडतात. मग उन्हाळ्यापर्यंत तो काठ म्हणजे माझ्या मुलांची दुसरी शाळा. चपटा दगड कसा निवडायचा आणि मनगट कसं फिरवलं की पाण्यावर भाकऱ्या निघतात, हे थोरला तिथे शिकला. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की आपण तिच्या अंड्यांजवळ आलो आहोत, आल्या पावली मागे फिरायचं, हे दोघांनाही कळतं. तिची अंडी उघड्यावर, खड्यांमध्ये असतात आणि खड्यांच्याच रंगाची असतात. बघून पाऊल टाकायची शिस्त माझ्या मुलांना त्या पक्ष्याने लावली. थंडीत शेपूट हलवत धोबी पक्षी येतात, ते पहिल्यांदा कोणाला दिसले यावरून घरात भांडण होतं.

आणि खेकडे. बिळाच्या तोंडाशी ओल्या मातीच्या ताज्या गोळ्या असतील तर खेकडा आत आहे. तो बाहेर आला की मागून जायचं, पाठीच्या कवचाच्या दोन्ही कडांना अंगठा आणि बोट लावून उचलायचं, म्हणजे नांग्या पोचत नाहीत. हे माझ्या मुलांना मी शिकवलेलं नाही, मला कुठलं येतंय! पलीकडच्या पाड्यावरचा एक वारली मुलगा त्यांचा गुरू. त्याने पकडलेले खेकडे घरी जेवणात जातात, आमचे दोघे बघून सोडून देतात, आणि इतके कष्ट करून सोडायचे कशाला हे त्या मुलाला अजून पटलेलं नाही. पण दर खेपेला तो त्यांना नवं बीळ दाखवतो.

हे सगळं अनवाणी चालतं. शेवाळलेल्या कातळावर चप्पल सरकते आणि बुटात पाणी भरतं. पायाची बोटं दगडाला धरतात तेव्हाच पोराचा तोल राहतो. उन्हाने तापलेला दगड, सावलीतला गार दगड, भुसभुशीत वाळू, आत ओढणारा चिखल, यातला फरक तळपायाला आपोआप कळायला लागतो. जमीन ओळखायची ही एवढी एकच रीत मुलांना उपजत येते. तुम्ही वार केलात तो नेमका तिच्यावर.

तुम्ही येऊन गेल्यावर एका संध्याकाळी धाकटा घोटाभर पाण्यात माशांच्या पिल्लांच्या मागे होता. तो ओरडला नाही. जागच्या जागी थांबला, एक पाय वर उचलला, आणि पाण्यात लाल रेघ लांबत गेली तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. टाचेच्या जरा पुढे, आडवी चीर, कातडी उघडून आतलं मांस दिसत होतं.

ते बाटलीचं बूड होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन मी ते स्वतः खणून काढलं, म्हणून त्याचं वर्णन नीट करू शकते. जाड काचेची गोल चकती, कडेने तीन सुळे उभे, त्यातला मधला करंगळीएवढा उंच. बाटली आपटली की मान आणि पोट यांचे तुकडे उडतात, पण बूड बहुधा अखंड राहतं. ते जड असतं, म्हणून सरळ बसतं, वाळूत रुततं, आणि धार वर करून राहतं. तपकिरी काच ओल्या दगडांच्या रंगात मिसळते. बिनरंगी काच तर पाण्याखाली डोळे फाडून बघितलं तरी दिसत नाही. फोडताना हे तुमच्या डोक्यात नव्हतं असं तुम्ही म्हणाल. डोक्यात यायला हवं होतं. सहा वर्षांच्या मुलाला पक्ष्याच्या अंड्यावर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालता येतं, तर गाडी चालवण्याचा परवाना असलेल्या माणसाला एवढा पुढचा विचार करता यायलाच हवा.

तुम्ही तिथे नव्हतात, म्हणून कोण होतं ते सांगते. थोड्या अंतरावर एक वयस्क आदिवासी बाई कपडे धूत होत्या. मी काही म्हणायच्या आत त्या आल्या, मुलाला दगडावर बसवलं, धुवायला आणलेल्या सुती धोतराची कड टरकन फाडली आणि पाय असा आवळून बांधला की रक्त थांबलं. मग आपला उजवा पाय पुढे करून त्यांनी टाच दाखवली. आडवा, जुना, पांढरा पडलेला व्रण. त्याच्या शेजारी आणखी एक, जरा ताजा. तोही काचेचाच, असं त्या म्हणाल्या. गावठाणातल्या नळाला पाणी येत नाही त्या दिवशी धुणं नदीवर आणावंच लागतं, आणि धुणं पाण्यात उभं राहूनच होतं. त्या कुणाला पत्र लिहिणार नाहीत. म्हणून त्यांच्या वाटचंही मीच लिहिते आहे.

डॉक्टरांनी आधी एक्स-रे काढला. काच एक्स-रेमध्ये दिसते, आणि आत कण राहिला असेल तर वरून टाके घालून उपयोग नसतो. कण निघाला, तांदळाच्या दाण्याहून लहान. तो काढायचा म्हणजे तळपायात भूल द्यायची, आणि तळपायात सुई म्हणजे काय हे ज्यांनी भोगलं त्यांनाच माहीत. बाबांनी खांदे धरले, मी गुडघा धरला, थोरला दाराबाहेर कानांत बोटं घालून उभा राहिला. लसीकरणाचं कार्ड बघून डॉक्टर म्हणाले, पाचव्या वर्षीचा डोस वेळेवर झालाय, धनुर्वाताचं इंजेक्शन आज लागणार नाही. तेवढाच दिलासा. मग टाके, औषधं, पाय जमिनीला लावायचा नाही ही सक्त ताकीद. मुलांच्या बाबांनी पाळी बुडवली, त्याचा पगार कापला गेला. पैशाचा हिशोब इथे मांडत नाही, तो आम्ही भरला. ज्या घरात रोज कमवून रोज खायचं, त्या घरातली आई एक्स-रेचं नाव काढल्यावर काय करते, याचा विचार मात्र तुम्ही करा. ती हळद दाबून बांधते आणि कण आतच राहतो.

आणि अशा घरांतले पाय रोज पाण्यात असतात. नदी आमच्यासारख्या दोन खोल्यांतल्या कुटुंबाची हौस आहे, पण पाड्यांवरच्या लोकांचं ते रोजचं जगणं आहे. २०११ च्या जनगणनेनुसार दादरा-नगर हवेलीतली निम्म्याहून अधिक वस्ती अनुसूचित जमातींची आहे. वारली, कोकणा, धोडिया, काथोडी. त्यांची मुलं शाळेत जाताना नदी-ओढे ओलांडतात, त्यांच्या बाया पाण्यात उभ्या राहून मासे धरतात, त्यांची जनावरं तिथेच पाण्यावर येतात. बैलाच्या खुराच्या बेचक्यात काच शिरली तर नांगरणी थांबते. काच कुजत नाही, गंजत नाही, पावसाने विरघळत नाही. धारा झिजून बोथट व्हायला वर्षानुवर्षं लागतात. दमणगंगा नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावते आणि सुमारे १३१ किलोमीटरचा प्रवास करून दमणला समुद्राला मिळते. पुराच्या पाण्याने आमच्या काठावरची काच हलते, पण नाहीशी होत नाही. ती खाली कुणाच्या तरी काठाला लागते, कुणाच्या तरी जाळ्यात येते. तुमचा तो एक फटका अजून संपलेला नाही, महाशय. तो अजून चालू आहे.

टाके निघाले, जखम भरली. मुलांच्या जखमा लवकर भरतात. पण धाकटा आता पाण्याच्या कडेला बसतो आणि बूट काढत नाही. पाण्यात चल म्हटलं की "तू आधी बघून ये" म्हणतो. थोरल्याची वही दाखवायला हवी तुम्हाला. तो काठाचा नकाशा काढतो, गेल्या वर्षापासून. करंज, मोठा कातळ, उंबराची मुळं, टिटवीची जागा, खेकड्यांच्या बिळांना लहान लहान गोल. आता त्याच नकाशावर त्याने लाल पेनने फुल्या मारल्या आहेत, जिथे जिथे काच सापडली तिथे. दर खेपेला फुल्या वाढतात. मागच्या पानावर त्याने लहान भावासाठी एक वाट आखली आहे, फुल्या चुकवत पाण्यापर्यंत जाणारी. नऊ वर्षांच्या मुलाने आपल्या नदीवर सुरुंग पेरल्यासारखी वाट शोधावी, ही वेळ तुम्ही आणलीत.

तुम्ही काय काय म्हणाल ते मला पाठ आहे, कारण काठावर बसलेल्यांना हटकलं की हीच उत्तरं मिळतात.

"एका बाटलीने काय होतंय?" एका बाटलीने काय होतं ते वर सविस्तर लिहिलं आहे. एका बाटलीचे शंभर तुकडे होतात आणि पाय कापायला एक पुरतो.

"सगळेच टाकतात." सगळे टाकत नाहीत. खेकडे धरणारा मुलगा टाकत नाही, धुणं धुणाऱ्या बाई टाकत नाहीत, जाळं टाकणारे टाकत नाहीत. ज्यांना उद्या पुन्हा त्याच पाण्यात उतरायचं आहे, त्यांतलं कुणीही बाटली फोडत नाही. तुम्ही ज्यांना 'सगळे' म्हणता ते तुमच्यासारखेच, जाऊन मोकळे होणारे.

"सफाईवाले आहेत ना!" रस्त्यावर आहेत. नदीच्या पात्रात, घोटाभर पाण्यात, वाळू चाळून काच वेचायला कोण नेमलाय? आणि नेमला, तरी त्याचेही हात हाडामांसाचेच असतात.

"मुलांना चपला घालून आणायच्या." हे उत्तर सगळ्यात संतापजनक आहे. नदी मुलांची आधी आहे. काठावर बसायची शिस्त तुम्ही मोडायची आणि सावधगिरी सहा वर्षांच्या मुलाने बाळगायची? उभ्या सुळ्यापुढे रबरी चपलेचा तळ तरी किती टिकतो ते करून बघा, आणि आपला पाय घालून बघा, दुसऱ्याच्या मुलाचा नको.

थोरल्याला शाळेत दादरा-नगर हवेलीच्या मुक्तीचा धडा आहे. पोर्तुगीजांनी १७८३ मध्ये नगर हवेली घेतली, दोन वर्षांनी दादरा. पुढे पावणेदोनशे वर्षं इथल्या माणसांना आपल्याच रानात, आपल्याच नदीवर परक्याचं राज्य सोसावं लागलं. १९५४ च्या भर पावसाळ्यात स्वयंसेवकांनी २२ जुलैला दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मोकळं केलं. आपले सुधीर फडके त्या लढ्यात होते, बाबासाहेब पुरंदरे होते, आझाद गोमंतक दलाचे कार्यकर्ते होते. गाण्यांना चाली लावणारा माणूस आणि इतिहास सांगणारा माणूस, दोघंही जिवावर उदार होऊन इथे आले ते ही जमीन इथल्या लोकांना निर्धास्तपणे वावरता यावी म्हणून. २ ऑगस्टला शाळेत झेंडावंदन होतं, मुलं भाषणं करतात. भाषण करून घरी आलेल्या मुलाला मोकळ्या झालेल्या त्या जमिनीवर संध्याकाळी अनवाणी चालता येत नसेल, तर त्याच्या भाषणातल्या स्वातंत्र्याची किंमत तुम्ही दगडावर आपटून फोडली आहे. हा आरोप मोठा वाटत असेल तर वाटू द्या. मला तो नेमका वाटतो.

आता उपायाचं बोलते, कारण नुसता संताप करून मुलांच्या पायाखालची काच हलत नाही.

तामिळनाडूत नीलगिरीच्या डोंगरात पर्यटक रानात बाटल्या फेकत, आणि त्या काचांनी हत्तींचे पाय फाटत. हत्तीचा पाय म्हणजे केवढा, त्यालाही ती काच सोडत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने यात लक्ष घातलं आणि २०२२ मध्ये तिथे व्यवस्था सुरू झाली. दारूची बाटली घेताना १० रुपये जादा द्यायचे आणि रिकामी बाटली परत केली की ते परत मिळवायचे. जे परत करतील त्यांचं काही जात नाही, जे फेकतील त्यांची बाटली दुसरा कुणी उचलून पैसे घेतो. जर्मनीत बिअरच्या बाटलीवर अशी अनामत पूर्वीपासून घेतात. आपल्याकडे सोड्याच्या बाटलीची अनामत दुकानदाराकडे ठेवायची सवय आपल्या आईवडिलांना होतीच की. यात शोध लावण्यासारखं काही नाही.

आमच्या केंद्रशासित प्रदेशात दारू परवान्याने विकली जाते. म्हणजे कारखान्यापासून दुकानापर्यंत बाटलीचा हिशोब सरकारदरबारी असतोच. दुकानाच्या पायरीवरून ती खाली उतरली की हिशोब संपतो, आणि तिथूनच पुढे आमच्या पायांचा संबंध सुरू होतो. तो हिशोब आणखी दोन पावलं पुढे न्यायचा आहे, नदीपर्यंत आणि परत दुकानापर्यंत. बाटलीमागे अनामत घ्या, काठाकडे उतरणाऱ्या वाटांवर रिकाम्या बाटल्यांसाठी पिंजरे ठेवा, वाळूत गाडी उतरणार नाही असे दगड आडवे लावा. या तीन मागण्या मी प्रशासनाकडे लेखी दिल्या आहेत. या पत्राखालीही त्याच समजाव्यात.

पण प्रशासन काय करेल ते करेल. तुमच्या मित्रांच्या हशापुढे कायदाही तोकडा पडतो हे मला कळतं, म्हणून हे पत्र तुम्हाला. तुम्ही कुणाचे तरी बाबा असाल, काका असाल, मामा असाल. सुट्टीत भाचरांना घेऊन दुधनीला याल, खानवेलला याल. कुठल्यातरी उथळ पाण्यापाशी मुलं चपला काढून पळत सुटतील, कारण मुलं पाणी दिसलं की तेच करतात. तिथे तुमच्याआधी कुणी बसून गेलेलं असेल, आणि त्याला तुमच्या भाचराचं नाव ठाऊक नसेल.

म्हणून सरळ मागते. अख्खी बाटली रद्दीवाला घेतो, ती धुऊन पुन्हा भरता येते, नाही भरली तर वितळवून नवी करता येते. फुटली की ती फक्त हत्यार उरते. रिकामी झाली की झाकण लावा, ज्या खोक्यातून आणलीत त्याच खोक्यात ठेवा, गाडीत ठेवा आणि घेऊन जा. भरलेली असताना जड वाटली नाही, तर रिकामी जड वाटायचं कारण नाही. तुमच्याआधी कुणी फोडून ठेवलेली काच दिसली, तर एक कागद घ्या, मोठे तुकडे वेचा, बूड शोधा. ते वाळूत असतं, हाताने चाचपू नका, काटकीने उकरा.

आणि पुढच्या शनिवारी तुमच्या बैठकीत दुसऱ्या कुणाचा हात बाटलीसकट मागे गेला, तर त्याचं मनगट धरा. मित्र चिडेल, चिडू द्या. तुमच्या मैत्रीपेक्षा पोरांचे पाय महाग आहेत, आणि त्या क्षणी त्यांच्या वतीने तिथे बोलायला तुमच्याशिवाय दुसरं कुणी नसतं.

कळावे,

दोन मुलांची आई
आमली, सिल्वासा